डॉक्टरांसाठी एक बेड, नाव न सांगता

“नाशिकमध्ये नको. पुण्यात नको. मुंबईत तर अजिबात नको,” डॉ. शिरीष म्हणाले. “तिन्हीकडे आमचे बॅचमेट आहेत.”

ते हाडांचे डॉक्टर. दुपारी तीनला, आमचं क्लिनिक बंद असतं त्या वेळेला मुद्दाम आले होते. गाडी दोन गल्ल्या सोडून लावली होती. शेजारच्या खुर्चीत त्यांच्या पत्नी, डॉ. वसुधा. स्त्रीरोगतज्ज्ञ. गंगापूर रोडला दोघांचं स्वतःचं हॉस्पिटल आहे. नावं मी बदलली आहेत, ओळख पटेल असे तपशीलही. हे लिहायला वसुधाताईंची परवानगी आहे. मसुदा त्यांनी वाचला आणि माझ्या शुद्धलेखनाच्या चुकाही काढल्या.

मी सायकियाट्रिक सोशल वर्कर. मानसोपचारतज्ज्ञ औषध देतात. पेशंटला कुठे ठेवायचं, घरच्यांशी काय बोलायचं, बाहेर आल्यावर काय, हे माझं काम. व्यसनासाठी दाखल करायची वेळ येते तेव्हा केंद्र मीच शोधते. पैसेवाल्या घरांचा पहिला प्रश्न सहसा “बरं होईल का?” हा नसतो. “कुणाला कळणार नाही ना?” हा असतो.

“खोली एसी हवी, स्वतंत्र,” शिरीष सांगत होते. “लोकांना आम्ही सांगू की ती फेलोशिपसाठी बाहेर गेलीय.”

मी वसुधाताईंकडे वळले. “ताई, तुम्हाला काय हवंय?”

त्या म्हणाल्या, “मागच्या मंगळवारी सिझेरियन होतं. ग्लोव्ह्ज घातले आणि हात थरथरताना दिसला. ज्युनियरला म्हटलं, तू कर. बाहेर येऊन पाण्याच्या बाटलीतून दोन घोट घेतले, तेव्हा थरथर थांबली. बाटलीत पाणी नव्हतं. मला फक्त हे थांबवायचंय. एसी असो नसो.”

शिरीषना बाटलीचं माहीत नव्हतं. ते खिडकीबाहेर बघू लागले.

“दाखल होईपर्यंत ऑपरेशन नाही, ओपीडी नाही,” मी म्हटलं.

“त्या मंगळवारपासून बंदच आहे,” त्या म्हणाल्या. माझा त्यांच्यावर विश्वास तिथेच बसला.

एक गोष्ट मी तेव्हाच स्पष्ट केली. रोज पिणाऱ्याने एका दिवसात दारू सोडली की शरीर बंड करतं. घाम, थरथर, भास, कधी फिट. जीवही जाऊ शकतो. म्हणून पहिले काही दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली, औषधं देत दारू उतरवावी लागते. याला आम्ही डिटॉक्स म्हणतो. तेव्हा मी केंद्र शोधेपर्यंत घरी आपल्या आपण बंद करायचं नाही; आमचे डॉक्टर सांगतील तसंच करायचं. दोघंही डॉक्टर, तरी हे बजावावं लागतं.

पुढचे तीन दिवस मी फिरले. केंद्र बघायला मी कधीच कळवून जात नाही.

पहिल्या ठिकाणी स्विमिंग पूल होता, पाच-सहा प्रकारचा नाश्ता होता. रात्री डॉक्टर कोण असतात, असं विचारलं तर मॅनेजर म्हणाला, “ऑन कॉल असतात, मॅडम.” म्हणजे नसतात. दुसऱ्या ठिकाणी भिंतीवर बऱ्या झालेल्या पेशंटचे फोटो लावले होते, आधीचे आणि नंतरचे. त्यातल्या एकाला मी ओळखते. मी चहाही न घेता निघाले.

तिसरं केंद्र पेठ रस्त्याला, शहरापासून तासाभरावर. बैठी इमारत, पुढे काजूची झाडं. बायकांसाठी वेगळा विभाग, सहाच बेड. डॉक्टर चोवीस तास तिथेच राहणारे, नर्स आणि अटेंडंट सगळ्या बायका. आधी एका पेशंटसाठी केंद्र पारखताना मी तिथे मुद्दाम फोन केला होता, पेशंटची मावशी असल्याचं सांगून. “आमची मुलगी तिथे आहे का हो?” पलीकडून उत्तर आलं होतं, “इथे कोण आहे, कोण नाही, हे आम्ही फोनवर सांगत नाही.” मी दोनदा रडवेला आवाज काढला. उत्तर बदललं नाही. ते केंद्र माझ्या लक्षात राहिलं होतं.

“पेठ रस्ता?” शिरीष उडालेच. “इतक्या जवळ? बंगळुरूचं बघा ना एखादं.”

“दर रविवारी घरच्यांची मीटिंग असते. बंगळुरूला जाल?”

वसुधाताईंनी स्वतः फॉर्मवर सही केली. हेही महत्त्वाचं. गाडीत कोंबून, झोपेचं इंजेक्शन देऊन माणसं उचलून नेणारेही आहेत. त्या वाटेला मी कुणालाही पाठवत नाही.

दाखल झाल्यानंतरचा तिसरा दिवस सगळ्यात वाईट गेला. वसुधाताईंना पलंगावर मुंग्या दिसत होत्या. औषधं चालू होती, डॉक्टर येऊन बघत होते, पण त्या कुणाला जवळ येऊ देईनात. फक्त यशोदाताई नावाच्या अटेंडंटला चालायचं. सुरगाण्याकडच्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. मी दुपारी गेले तेव्हा त्या चादर झटकत होत्या. “ह्या बघा, गेल्या मुंग्या,” असं म्हणायच्या आणि पुन्हा झटकायच्या. किती वेळ चाललंय विचारलं, तर नर्स म्हणाली, “सकाळपासून.”

पाचव्या दिवशी ताप उतरावा तसं सगळं उतरलं. ताई जेवल्या, आंघोळ करून झाडांखाली बसल्या.

आणि नवव्या दिवशी सकाळी शिरीषचा फोन. आवाज चढलेला.

“मॅडम, डॉक्टरांच्या ग्रुपवर आलंय. ‘वसुधा, लवकर बरी हो, आम्ही तुझ्यासोबत आहोत.’ खाली सत्तर जणांनी हात जोडलेत! मी तिला घेऊन जातोय.”

मी लगेच टॅक्सी केली आणि त्यांच्या आधी पोचले. अर्ध्या तासात ते आले. केंद्राच्या ऑफिसात आम्ही बसलो: केंद्राचे डॉक्टर, मी, शिरीष आणि वसुधाताई. शिरीषनी चौकशी करूनच ठेवली होती.

“तुमची ती अटेंडंट सुरगाण्याची आहे. वसुधाने शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सेवेची, बाँडची दोन वर्षं तिथल्या सरकारी दवाखान्यात काढलीत. तिनेच ओळखलं असणार. बोलवा तिला.”

यशोदाताई आल्या, दाराशी उभ्या राहिल्या.

“तू ओळखतेस मॅडमना?” शिरीषनी विचारलं.

“हा. पहिल्या दिवशीच वळखलं.”

“बघा!” शिरीष आमच्याकडे वळले.

वसुधाताई मात्र यशोदाताईंकडे बघत होत्या. “मला आठवत नाही गं.”

“तुम्हाला कसं आठवंल? लय बाया व्हत्या. माझं पोर आडवं व्हतं. तुम्ही जीपमधी घालून नाशिकला नेलं. सोबत आल्या. वाटभर माझा हात सोडला नाय. पोरगी आता नर्सिंग शिकते.”



“मग इतके दिवस बोलली का नाहीस?” वसुधाताईंनी विचारलं.

“तुम्ही तुमचं नाव नाय सांगितलं. मंग मी कशाला घेऊ?”

केंद्राचे डॉक्टर म्हणाले, “मलाही हे आत्ताच कळतंय.”

वसुधाताईंनी मान वळवली. अगदी शांत आवाजात म्हणाल्या, “शिरीष, तू कुणाला सांगितलंस?”

“कुणाला नाही.”

“शिरीष.”

“फक्त संजयला. एकट्याला. मला कुणाशी तरी बोलायचं होतं गं. आठ-नऊ दिवस मी फेलोशिप फेलोशिप करतोय. घरी आलं की भिंती खायला उठतात.” आणि ते रडायला लागले. संजय हे त्यांचे भूलतज्ज्ञ मित्र. मेसेज त्यांचाच होता. भाबडेपणाने, चांगल्या मनाने टाकलेला.

वसुधाताईंनी त्यांना पाणी दिलं. म्हणाल्या, “कळलं ना सगळ्यांना? बरं झालं. आता लपवायचं काम तरी संपलं. मी राहतेय इथे.”

निघताना शिरीष यशोदाताईंसमोर थांबले. हात जोडले. “माझं चुकलं.” यशोदाताई लाजल्या, “असू द्या, साहेब,” म्हणाल्या आणि कुणाच्या तरी औषधाची वेळ झाली म्हणून गेल्या.

वसुधाताई दीड महिना राहिल्या. शिरीष एकाही रविवारी चुकले नाहीत. पुढे एकदा ताईंचा तोल गेला, एका लग्नात प्यायल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः मला फोन केला आणि चार दिवस परत त्याच बेडवर राहून आल्या. त्यानंतर नाही. ओपीडी आधी सुरू झाली. ऑपरेशन बऱ्याच महिन्यांनी, आमच्या डॉक्टरांनी लिहून दिल्यावर, आणि पहिल्या काही वेळी एक सीनियर डॉक्टर शेजारी उभ्या असताना. पेशंट कमी होतील असं शिरीषना वाटलं होतं. थोडे झाले. काही बायका मात्र आपल्या नवऱ्यांबद्दल दबक्या आवाजात विचारायला येऊ लागल्या. त्यांना ताई माझ्याकडे पाठवतात.

या धंद्यात मला लोक पेढे देतात, आभार मानतात. खरे आभार मला यशोदाताईंचे मानायचे आहेत. गुप्तता या विषयावर मी कितीतरी ट्रेनिंग केली, थोडी दिलीही. त्यांच्याइतकी चोख गुप्तता मी पाळली असती का, मला सांगता येत नाही. त्यांना हे बोलून दाखवलं तर म्हणाल्या, “त्यात काय?”

माझ्या कामात मी एकच बदल केला. गुप्ततेच्या फॉर्मवर पूर्वी फक्त स्टाफच्या सह्या असायच्या. आता नातेवाइकांच्याही घेते. बहुतेक जण न वाचता सही करतात, म्हणून मी तो मोठ्याने वाचून दाखवते.