नावापुढची चार अक्षरं

लाखांदूरच्या शाळेत मी भूगोल शिकवायचे आणि उरलेल्या वेळात वैमानिकांची चरित्रं लिहायचे. स्वतः मात्र विमानात कधी पाय ठेवला नव्हता. ही गोष्ट पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक होती, त्यामुळे एसटीचा कंडक्टरसुद्धा तिकीट फाडता फाडता विचारायचा, "बाई, बसल्या काय जी कधी इमानात?" मी म्हणायचे, "संतांची चरित्रं लिहिणारे काय आधी वैकुंठाला जाऊन येतात?" त्यावर मागच्या सीटपर्यंत हशा व्हायचा.

सत्तरच्या दशकात माझी दोन छोटी पुस्तकं आली. पहिलं होतं लाकडाकापडाची विमानं उडवणाऱ्या सुरुवातीच्या धाडसी लोकांवर, दुसरं पहिल्या महायुद्धातल्या वैमानिकांवर. नागपूरच्या ग्रंथालयातून पुस्तकं आणायची, टिपणं काढायची आणि लिहायचं, एवढंच माझं भांडवल. त्या पुस्तकांत पराक्रम ढीगभर सापडायचा, पण मला भलतंच काही हवं असायचं. तेवढ्या उंचीवर नाक गळायला लागलं तर हे लोक पुसायचे कसे? बरोबर डबा न्यायचे का? भीती वाटायची ती पोटात की गुडघ्यात? असले प्रश्न मी पत्रांतून कुणाकुणाला विचारत असे. बहुतेकांची उत्तरं यायची नाहीत. आली तर त्यांत "आपला प्रश्न विनोदी आहे" असं लिहिलेलं असायचं. मी अगदी गंभीरपणे विचारलेलं असायचं.

ऐंशी साल उलटल्यावर कळलं की आपल्याच भागातल्या एका खेड्यातला मुलगा दुसऱ्या महायुद्धात वैमानिक होता आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवरून परत आला नव्हता. बातमी सांगणारे शिक्षक वर म्हणाले, "दारावर नावापुढे पदवी आहे, बाई. मोठी दिसते." इतकी वर्षं मी सातासमुद्रापलीकडचे वैमानिक शोधत होते आणि हा दीड तासावर निघाला. पुढच्याच रविवारी मी बस पकडली.

घर साधं शेतकऱ्याचं होतं, मागे तलाव आणि पुढे धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भाताची शेतं. दाराशेजारी काळ्या लाकडी पाटीवर पांढऱ्या रंगात इंग्रजी नाव होतं आणि त्यापुढे चार अक्षरं : डी.एन.सी.ओ. घरात वैमानिकाची धाकटी बहीण होती. पन्नाशी ओलांडलेली, सडपातळ, तिखट नजरेची. नवरा गेल्यावर ती माहेरी आली होती. दुसऱ्या भावाचा मुलगा शेती पाहायचा आणि घर तिच्या शब्दावर चालायचं. भाऊ लढाईवर गेला तेव्हा ती अकरा वर्षांची होती. सगळं गाव तिला आत्याबाई म्हणायचं, मीही तेच म्हणू लागले.

तिनं पत्र्याच्या पेटीतून भावाची उड्डाणवही काढली. प्रत्येक उड्डाणानंतर वैमानिक स्वतः भरतो ती ही वही. अशी वही मी आयुष्यात प्रथमच पाहत होते.

"ही पदवी कशी कळली तुम्हाला?" मी विचारलं.

"बाबुजीईले थोडंसंक इंग्रजी येत होतं," ती म्हणाली. "वही घरी आली तं त्याईनं दोन दिवस बसून पाह्यली. डी.सी.ओ. म्हनून लय ठिकानी लिवलं हाये. आन् डी.एन.सी.ओ. कुठं कुठंच. बाबुजी म्हनाले, जे कमी भेटते ते मोठं. मंग पाटी रंगवली."

हिशेब बिनतोड होता. मलाही पटला, हे कबूल करते.

वही घराबाहेर न्यायची तिची परवानगी नव्हती. मग सहासात रविवार मी तिच्या सपरीत, म्हणजे पडवीत, चटई टाकून ती उतरवून घेतली. तारीख, विमान, किती वेळ, कुठून कुठे. शेरे अगदी तुटक. एका पानाच्या कडेला मात्र पेन्सिलीनं मराठीत लिहिलं होतं : 'खाली आपल्यासारख्याच बांध्या.' सबंध वहीत आत्याबाईला वाचता येणारी ही एकच ओळ. ती ओळ तिला पाठ होती, तरी दर रविवारी ती मला तेच पान उघडायला लावायची.

माझे प्रश्न तिला आवडायचे. भाऊ कॉलेजला नागपूरला गेला तेव्हा काय न्यायचा, पोहायला यायचं का, रागावला की काय करायचा, सगळं ती सांगायची. तो लहानपणी झाडावर चढायला भ्यायचा, हे ऐकून तर मी हर्षानं वेडी झाले. असं काही ग्रंथालयात सापडत नाही.

त्याच सुमारास गावच्या शाळेला नवी खोली झाली आणि तिच्या भिंतीत त्याच्या नावाची शिळा बसवायचं ठरलं. सव्वीस जानेवारीचा मुहूर्त होता. कोरणारा पवनीचा, मजकूर लिहून देणारी मी. आत्याबाईनं बजावलं होतं, "नाव बारीक आलं तं चालन, पदवी मोठी येऊ द्या."

मजकूर लिहायला बसले आणि माझी खोड उफाळून आली. पदवीचा पूर्ण अर्थ नको का कळायला? माझ्याकडच्या पुस्तकांत पदकांच्या याद्या होत्या, त्यांत ही अक्षरं कुठेच नव्हती. नागपूरला राहणाऱ्या एका निवृत्त हवाई दल अधिकाऱ्यांना मी पत्र टाकलं. उत्तर अंतर्देशीय पत्रात आलं ते बरं झालं, कारण पोस्टकार्ड असतं तर माझ्याआधी पोस्टमास्तरांनी वाचलं असतं. त्यांनी लिहिलं होतं : ही पदवी नव्हे. डी.सी.ओ. म्हणजे कामगिरी पार पडली. डी.एन.सी.ओ. म्हणजे कामगिरी पार पडली नाही.

मी खो खो हसले. चाळीस वर्षं दारावर 'काम झालं नाही' असं झळकत होतं! आणि हसता हसता आत्याबाईचा चेहरा आठवला तेव्हा स्वतःची इतकी लाज वाटली की पत्र उशीखाली सारलं.

सांगावं की न सांगावं? गप्प राहिले तर ती खुश राहील, शिळा बसेल, आणि एक दिवस लष्करातला कुणी सुटीवर आलेला माणूस शाळेसमोर उभा राहून हसेल. माझ्यासारखाच हसेल. ते मला सहन होईना. पुढच्या रविवारी गेले.

आत्याबाई तांदूळ निवडत होती. मी सांगितलं तेव्हा तिचा हात सुपातच थांबला.

"म्हनजे फेल?"

"फेल नाही हो. ढग होते, खालचं दिसत नव्हतं, म्हणून परत फिरले. तसं लिहिलंय शेजारी."

"काम नाही झालं न? मंग फेलच." ती उठली, वही पेटीत टाकली आणि झाकण आपटलं. "बाबुजी मरेवरी गावाले सांगत होते, माह्या पोराले मोठी पदवी भेटली म्हनून. तुमाले कोनं पुसलं होतं जी अर्थ? काहून आल्या तुमी आमच्या घरी?"

चौकसपणा हेच खरं उत्तर होतं. मी पिशवी उचलली. बसथांब्यापर्यंत मी रडत गेले.

तीन आठवडे तिच्याकडून काही नाही. सरपंचांचे दोन निरोप आले, पवनीचा माणूस मजकुरासाठी खोळंबलाय म्हणून. मी नुसतं नाव लिहून ठेवलं, पण पाठवायचा धीर होत नव्हता. तिच्या भावावर लिहायला घेतलेल्या पुस्तकाचं हस्तलिखितही बांधून ठेवलं होतं.

मग एका दुपारी आत्याबाई माझ्या खोलीच्या दारात उभी. एसटीनं एकटी आली होती. काखेत फडक्यात गुंडाळलेली ती वही, जी कधी घराबाहेर पडली नव्हती.

पाणीसुद्धा न घेता ती जमिनीवर बसली. "दाखवा मले. कुठं कुठं लिवलं हाये ते."

मी पहिली जागा दाखवली. तिनं त्या अक्षरांवर बोट ठेवलं. "या रोजी वापस आला?"

"आले."

"कायवरून?"

"पुढची ओळ त्यांच्याच हातची आहे."

ती मान हलवायची आणि पान उलटायची. थोड्या वेळानं तर ती चार अक्षरं माझ्याआधी तिलाच दिसायला लागली. दर वेळी तोच प्रश्न, आणि माझं तेच उत्तर. अशी आम्ही शेवटच्या ओळीवर आलो. ती दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात होती आणि पुढचं पान कोरं होतं.

"हे दादाचं अक्षर नाही," ती म्हणाली. "काय लिवलं इथं?"

"परतले नाहीत, असं."

बोट पुढे सरकवून तिनं त्या चार अक्षरांचा रकाना चाचपला; तिथे ती नव्हती. मग वही मिटली, फडक्यात बांधली आणि गाठ पक्की केली.

"पवनीले सांगजा, चारई अक्षरं कोर म्हना. मोठी कोर म्हना. कोनी पुसलं तं अर्थ बी सांगजा, मी बी सांगन." ती उठून दारापाशी गेली आणि पाठमोरीच बोलली, "अजून एक खेप लिवलं असतं, तं माहा दादा घरी आला असता."