‘नाही’ न म्हणणारं दुकान

आमच्या किराणा दुकानात ‘नाही’ म्हणायची पद्धत नव्हती. साखर संपली तरी सासरे गिऱ्हाइकाला सांगत, ‘‘उद्या येतीय.’’ दुकान आम्ही कधी बंद करत नसू, ‘वाढवत’ असू. आमच्या ह्यांनी तोच शिरस्ता राजकारणात नेला आणि आमदार झाले. कुणाला बदली हवी, कुणाला बोअर. सगळ्यांना एकच उत्तर, ‘‘झालं म्हणून समजा.’’ नुसती बोलाची कढी, पण लोक भुरके मारत होते. खोटं कशाला बोलू, मीही गाडीतून मिरवले.

निवडणुकीत आमच्यासाठी उन्हातान्हात हिंडलेला गावातला एकजण गेल्या साली वारला. सावडायच्या दिवशी नैवेद्याला कावळा शिवेना. भाऊबंद हात जोडून काय काय कबूल करून गेले, तरी कावळा आपला झाडावरच. शेवटी हे पुढं झाले. ‘‘गड्या, तुझ्या पोराला साखर कारखान्यात लावतो. झालं म्हणून समज.’’ कावळा उतरला. आमची गाडी साताऱ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत हे ते विसरलेही होते.

परवा त्याची बायको दुकानात आली. हे गल्ल्यावरच बसले होते.

‘‘सायेब, पोराचं काय झालं?’’

‘‘होतंय की. पुढच्या आठवड्यात या.’’

तिला दिलेलं हे उत्तर मी आधीही ऐकलं होतं. कारखान्यात भरती बंद आहे, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. त्या दिवशी मात्र त्या उत्तराची मला शिसारी आली.

‘‘न्हाई व्हायचं ते, बाई,’’ मी म्हणाले. ‘‘भरतीच बंद हाय.’’

मी ऐन दिवेलागणीला शिवी दिल्यासारखं ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. ती पायरीवर टेकली. रडली नाही.

‘‘आदी सांगायचं न्हवं का, वैनी? विट्याचं पाव्हणं आलतं त्याला न्यायला. तिकडं दिल्लीत सोनं गाळायचं दुकान हाय त्यांचं. मीच धाडलं न्हाई. म्हणलं, त्याच्या बापानं सायबांचा शब्द ऐकून घास घेतलाय. आता आपुन इस्वास ठेवला न्हाई, तर तिकडं वर त्यास्नी काय वाटंल? पाव्हण्यांनी दुसरंच पोरगं नेलं.’’

ह्यांनी तिला चहा सांगितला. ती न घेता गेली. मी दारापर्यंत गेले, पण तिच्या तोंडाकडं बघायचं धाडस झालं नाही. ह्यांच्याइतकंच मलाही हे आधी सांगता आलं असतं.

भर दुपार होती. मान खाली घालून हे म्हणाले, ‘‘दुकान वाढव.’’

मी बंद केलं.