बसमधली आमंत्रणं

शनिवारी दीडशे डॉलर भरून आमच्या पापाकुरा उपनगरातला हॉल घेतला. तेव्हा मी होतो, मार्शल बेटांवरून नुकतंच आलेलं जोडपं होतं आणि बस चालवणाऱ्या शेजारच्या वहिनी होत्या. त्यांच्या बाळाचा पहिला वाढदिवस आला होता, आणि तिकडे पहिल्या वाढदिवसाला अख्खं बेट जेवायला येतं.

"इथे आम्हाला ओळखतंय कोण?" बाळाची आई रडवेली झाली.

"स्वीट अ‍ॅज," वहिनी म्हणाल्या. म्हणजे 'एकदम झकास'; टायर फुटला तरी त्या हेच म्हणतात.

"वहिनी, छोटी खोली पुरली असती."

"भाऊजी, तुम्ही फक्त भात वाढा!"

आठवडाभर वहिनींनी बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाला आमंत्रण दिलं. वाढदिवसाला रांग रस्त्यापर्यंत गेली. बाळाची आई वाढता वाढता गात होती. जादा खुर्च्यांचे वीस डॉलर हॉलवाल्याला मी दिले, अगदी आनंदाने. पावती मात्र घेतली.