मित्र दरबाराला दिलेली यादी

आमच्या घराण्याला पूर्वजांचं भारी कौतुक. दख्खनेतून आधी कोण आलं, दरबारात कोण कुठे बसायचं, हे सांगताना आमच्या लोकांना चहा गार झाल्याचं भान राहत नाही. माझी सगळी नोकरी ग्वाल्हेरात, महाराज बाड्यावरच्या बँकेत झाली आणि मला या गोष्टींचा मनापासून कंटाळा. पण एका पूर्वजाबद्दल सगळेच गप्प बसायचे. सर्वपित्री अमावास्येला आमच्याकडे वंशावळीतलं एकेक नाव मोठ्याने घेऊन पाणी सोडतात. त्याचं नाव आलं की मात्र खालच्या नावावर जायचं. तो आमच्या दरबाराचा वकील होता, म्हणजे मित्र दरबारात राहणारा आपला माणूस, आजच्या भाषेत राजदूत. त्याने दोन मित्रांत बेबनाव केला आणि घराण्याची वकिली घालवली, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

माझे चुलते जयेंद्रगंजात दुसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. त्या वकिलाच्या पत्रांच्या नकला त्यांच्या कपाटात होत्या, लाल कापडात बांधलेल्या, सगळ्या मोडी लिपीत. गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की डोळ्यांचे पडदे चाललेत, काय वाचायचं ते दिवाळीच्या आत वाचून घ्या. काकांनी लगेच मला फोन केला.

"रिटायर झालीस ना? मग ये. यंदा त्याचं नाव घ्यायचं की नाही, ते मला ठरवायचंय. नंतर कोणी ठरवणार नाही."

मी गेले, जरा कुरकुरतच. मोडी मी रविवारच्या वर्गात शिकले होते, जेमतेम. काका वाचायचे, मी देवनागरीत उतरवायची. कागद उडू नयेत म्हणून पंखा बंद, आणि बाहेर मे महिन्यातली ग्वाल्हेरची भाजून काढणारी लू. घाम वहीवर पडायचा. पहिल्याच आठवड्यात नावांनी भरलेलं एक पान निघालं, एका नावाखाली दुसरं. काकांनी वरवर पाहिलं आणि बाजूला सारलं.

"ही कुणाच्या तरी मुंजीची जेवणावळ. आपल्या घरात नावांची यादी दुसऱ्या कशाची असणार?"

मलाही ते पटलं. आमच्याकडे कोणाला बोलावलं आणि कोणाला विसरलं याचे कागद पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलेले आहेत.

हळूहळू हकीकत उलगडत गेली. दोन्ही दरबार एकाच शत्रूशी लढत होते. मोहिमेत मित्र दरबाराच्या घोडदळाने नदीकाठचं एक गाव जाळलं, आणि ते गाव शत्रूचं नव्हतंच. गावात शिपाई नव्हते, रयत होती. आमच्या सरकारने वकिलाला लिहिलं की नाराजी कळवा, पण दोस्तीला धक्का लागू देऊ नका. मित्र दरबाराचं म्हणणं, मेले ते शत्रूचे हस्तक होते आणि आकडाही फुगवलेला आहे. तरीही त्यांनी दुखवट्याची वस्त्रं देऊ केली. वस्त्रं घेतली की प्रकरण मिटलं, असा रिवाज होता. वकिलाने ती घेतली नाहीत. त्याने उलट विचारलं, वस्त्रं कोणाच्या नावाने द्यायची?

हे वाचून काकांनी चष्मा काढून ठेवला. मी पाणी आणलं. त्या दिवशी पुढे वाचलं नाही.

त्याच दिवसांत माझी मुलगी मला न्यायला यायची आणि वर येऊन मोबाइलवरच्या बातम्या दाखवायची. कुठल्या तरी दूरच्या लढाईत दोन मित्र देशांचं बिनसलं होतं. एकाच्या बाँबने घरं पडली, दुसरा म्हणत होता की हे फार झालं, आणि लगेच पुढे म्हणत होता की आमची मैत्री अभंग आहे.

"काकाआजोबा, बघा ना, दोघं आपापले नंबर सांगतायत. कोई मानने को तैयार नहीं."

"नंबर राहू दे, बेटा. नावं दिलीत का कुठे?"

तिने बरंच खाली सरकवून पाहिलं. नावं नव्हती.

जुलैत काकांना सरळ समोरचं दिसेनासं झालं, कडेकडेचं तेवढं दिसायचं. मग मी वाचायला लागले आणि ते ऐकून चुका काढायला लागले. अशाच एका दुपारी एका पत्राच्या शेवटी वाचलं की वकील स्वतः त्या जळलेल्या गावी गेला, जिवंत राहिलेल्यांना विचारून मेलेल्यांच्या नावांची यादी केली, आणि ती या पत्रासोबत आहे. आम्ही गठ्ठा तीनदा उलटापालटा केला. यादी कुठेच सापडेना. काका हिरमुसले. यादी नाही म्हणजे पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय आमची भाऊबंदकी ऐकणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

चौथ्या दिवशी मी कागद झटकून बांधत होते. जेवणावळीचं पान हातात आलं आणि सहज वाचू लागले. कुंभार, कुंभाराची आई, तेली, तेल्याचे दोन मुलगे, गुरव, एक फकीर. मनात आलं, त्या काळी आमच्या घरच्या मुंजीला ही सगळी माणसं एका यादीत कशी? कोणी बसू तरी दिलं असतं का? आणखी खाली एका बाईचं नाव होतं, आणि तिच्यापुढे लिहिलं होतं की सोबत तान्हं मूल, अजून बारसं झालेलं नाही.

जेवणावळीला बारसं न झालेल्या मुलाची कोणी नोंद करत नाही.

"काका, ही मुंज नव्हे," मी म्हणाले.

मी सगळं पान त्यांना वाचून दाखवलं. नावं मी इथे लिहीत नाही. पण त्या माणसाने काय केलं, याचा विचार करताना आजही माझी मती गुंग होते. पुढच्या पत्रात होतं की त्याने ही यादी मित्र दरबारात, सगळ्या सरदारांसमोर उभं राहून, पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत वाचली. मध्येच त्याला थांबायला सांगितलं, तो थांबला नाही. आठ दिवसांत आमच्याच सरकारने त्याला परत बोलावलं. दोस्ती टिकली, त्याची वकिली गेली. पत्रांत कुठे तक्रारीचा सूर नाही, अक्षर शेवटपर्यंत तसंच टपोरं. आयुष्यभर मी पूर्वजांची टिंगल केली, आणि त्या दिवशी त्या कागदापुढे मला आवाज चढवून बोलवेना. बूड टेकलंय ती जागा पणाला लावून एक शब्द खरा बोलायची वेळ आली असती, तर मी बोलले असते का, कोण जाणे. बहुतेक नसते.

सर्वपित्रीला काका बाल्कनीत दक्षिणेकडे तोंड करून पाटावर बसले. समोर परात, वाटीत काळे तीळ. त्यांना आता वाचता येत नव्हतं म्हणून वंशावळ मी वाचली. बायकांनी हे करायचं नसतं, पण काकांनी ते कानाआड केलं. वकिलाचं नाव आलं. मी थांबले. काकांनी ते स्वतः घेतलं, अगदी स्पष्ट, आणि पाणी सोडलं. वंशावळ संपली तशी मी उठायला लागले.

"बस. आता ती यादी वाच."

"काका, ती आपली माणसं नाहीत. गोत्रसुद्धा माहीत नाही."

"गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणतात. वाच तू."

मी वाचू लागले. एक नाव, काश्यप गोत्र, थोडे तीळ, पाणी. परत नाव, परत पाणी. काका एकही ओंजळ घाईने सोडत नव्हते. परात भरून वाहायला लागली, पाणी फरशीवरून माझ्या पायांपर्यंत आलं. अर्ध्या पानावर तांब्या रिकामा झाला. मला वाटलं, आता पुरे म्हणतील.

काकांनी रिकामा तांब्या माझ्यासमोर धरला.

"भरून आण," ते म्हणाले. "अजून आहेत."