गिरणीतली गाणी

दोन हजार चारच्या सुमारास अमेरिकेतल्या कॅरी गावात मी जिथे केस कापायला जायचो, तिथली बाई साठीकडे झुकलेली होती. कापडगिरणी बंद पडल्यावर तिने कात्री हातात घेतली होती. दुकानात सतत एकाच बँडची गाणी लागायची. सत्तरच्या दशकात म्हणे या बँडने सगळ्या अमेरिकेला वेड लावलं होतं.

एका शनिवारी खुर्चीतला तरुण हसून म्हणाला, "बंद कर ना हे. असलं गुळमट आता फक्त लिफ्टमध्ये वाजतं."

तिची कात्री थांबली. त्याच्या गळ्याभोवतीचं कापड तिने हिसकून काढलं.

"गिरणीत मागांच्या खडखडाटात आम्ही ओरडून हीच गाणी म्हणायचो. साध्या माणसांना आवडली ना, म्हणून तुम्हाला ती हलकी वाटतात! ऊठ."

"पण केस अर्धेच झालेत!"

"तसाच जा."

तो खरंच गेला. मी खुर्चीत बसलो. तिने तेच कापड झटकून माझ्या गळ्याभोवती बांधलं.

"तुलाही आवडत नाहीत?" तिने आरशातून विचारलं.

"मला इथल्या उच्चारांतले शब्दच कळत नाहीत," मी खरं ते सांगितलं.

तिने आवाज वाढवला आणि केस कापता कापता एकेक ओळ मला मोठ्याने म्हणून दाखवली, तशीच रागारागाने.