भोईरकाकांच्या फुप्फुसातली गाठ

"मॅडम, कॅन्सर आहे की नाही, तेवढंच सांगा."

नीलेशने टेबलावर फिल्म्स आणि रिपोर्ट पसरून ठेवले होते. मी ते दोनदा वाचले होते. त्याच्या शेजारी त्याचे वडील, हरिश्चंद्र भोईर, पंख्याकडे बघत बसलेले.

"आज सांगता येणार नाही," मी म्हटलं.

"मग कधी सांगता येईल?"

तेही मला सांगता येत नव्हतं.

मी छातीविकारांची डॉक्टर. डोंबिवलीत माझं क्लिनिक आहे आणि आठवड्यातून काही दिवस मी ठाण्याला माजिवड्याजवळच्या एका हॉस्पिटलमध्ये जाते. भोईरकाका खाडीकडच्या गावातले. त्यांचे वडील मिठागरात कामाला होते. आता तिथे इमारती झाल्यात आणि त्यांतल्या एका इमारतीत काकांचं कुटुंब राहतं. तरी काकांनी गावाच्या कडेला दोन म्हशी ठेवलेल्या. एका म्हशीला धुताना ते घसरले आणि बरगडीला मार लागला. कल्याणच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन करायला सांगितला. बरगडीला बारीकशी चीर होती, ती आपोआप भरली असती. पण स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात एक नोड्यूल दिसला. नोड्यूल म्हणजे छोटी गाठ. ही मोठ्या वाटाण्याएवढी होती, म्हणून त्यांनी काकांना माझ्याकडे पाठवलं.

अशा गाठी पुष्कळ जणांच्या फुप्फुसात असतात. जुन्या टीबीचा व्रण असतो, बुरशीचा संसर्ग असतो, काही वेळा काहीच नसतं. आणि काही वेळा तो अगदी सुरुवातीचा कॅन्सर असतो. काकांना तरुणपणी टीबी होऊन गेलेला. म्हणजे व्रण असू शकत होता. त्यांनी बरीच वर्षं विड्याही ओढलेल्या, मुलीच्या लग्नानंतर सोडल्या. म्हणजे कॅन्सरही असू शकत होता. गाठीची कड गुळगुळीत नव्हती, तिला बारीक काटे फुटल्यासारखे दिसत होते. ते मला आवडलं नव्हतं.

मी पेट स्कॅन सांगितला. त्यात शरीरात किंचित किरणोत्सर्गी साखर सोडतात. कॅन्सरच्या पेशींना साखरेची हाव असते, त्यामुळे त्या जागा स्कॅनमध्ये उजळतात. अडचण अशी, की जागा झालेला टीबीही तीच साखर खातो. काकांची गाठ उजळली, पण मंद. उरलेल्या शरीरात काही नव्हतं, एवढी एक चांगली बातमी. म्हणजे हा कॅन्सर असलाच, तर पहिल्या टप्प्यातला होता.

मग बायोप्सी. सीटीच्या मदतीने बरगड्यांमधून सुई घालून गाठीचा कण काढायचा. त्याचा रिपोर्ट आला, त्या दिवशी नीलेश पेढे घेऊन क्लिनिकला आला. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की, कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत. त्याच्या पुढच्या ओळीत लिहिलं होतं की, नमुना अपुरा आहे. घरात सगळ्यांनी पहिली ओळ वाचली होती.

मी पेढा हातात घेऊन त्याला सांगितलं की, सुईला कॅन्सर सापडला नाही, एवढाच याचा अर्थ. गाठीत कॅन्सर नाही, असा याचा अर्थ नाही. सुई कडेला लागली असेल तर मधलं आपल्याला कळत नाही. त्याचा चेहरा उतरला. मग तो चिडला. म्हणाला, मॅडम, तुम्हाला कॅन्सर हवाच आहे का? पेढा मी तसाच टेबलावर ठेवला.

त्यानंतर घरात प्रत्येकाने आपापल्या ओळखीत विचारलं. कल्याणच्या डॉक्टरांनी टीबीची औषधं सुरू करून बघू म्हटलं. कुणा नातेवाइकाने सांगितलं की सुई लावली की कॅन्सर पसरतो, आता घाई करा. दुसऱ्याने सांगितलं, कापलं की पसरतो, हात लावू नका. नीलेश हे सगळं मला फोनवर सांगायचा आणि प्रत्येक वेळी शेवटी विचारायचा, "मग नक्की काय?"

मी केस ठाण्याच्या हॉस्पिटलमध्ये ट्यूमर बोर्डपुढे ठेवली. ट्यूमर बोर्ड म्हणजे वेगवेगळ्या विषयांचे डॉक्टर एकत्र बसून एका पेशंटचा विचार करतात. मला वाटलं होतं, तिथे तरी एक उत्तर मिळेल. सर्जन म्हणाले, दुर्बिणीने गाठ काढून टाका, ऑपरेशन चालू असतानाच तपासू. रेडिएशनवाले म्हणाले, सुईसारखी नेमकी किरणं देऊन गाठ जाळता येईल, छाती उघडायला नको, पण कॅन्सरचा पुरावा नसताना किरणं द्यायला मन धजत नाही. रेडिऑलॉजिस्ट म्हणाले, तीन महिने थांबा, परत स्कॅन करा, वाढली तर काढा. तिघांचंही बरोबर होतं. मी बाहेर आले तेव्हा आत गेले होते त्याहून जास्त गोंधळलेली होते.

दुसऱ्या दिवशी भोईर मंडळी क्लिनिकमध्ये आली. मी तिन्ही पर्याय सांगितले. नीलेशने मला दाराशी बाजूला घेतलं. म्हणाला की, पुढे काहीही निघालं तरी आधी त्याला सांगायचं, बाबांना नाही. त्यांना झेपणार नाही. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मग सगळ्यांना बाहेर बसवून मी काकांना एकट्यांना थांबवलं. इतक्या दिवसांत ते माझ्याशी बरगडीपलीकडे काही बोलले नव्हते.

"काका, तुम्हाला काय वाटतं?"

ते म्हणाले, "मना कई समजत नाय. पन बाय, खरं सांग, तुलाबी समजत नाय ना?"

"नाही समजत, काका. कुणालाच अजून समजलेलं नाही."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "मंग बरा झाला. मना वाटलं, सगल्यांना म्हाईत हाय न् माज्यापासून लपवतान."

इतके दिवस ते रात्री झोपत नव्हते, हे मला तेव्हा कळलं, आणि ते गाठीमुळे नव्हे. घरात ते आले की बोलणं थांबायचं, त्यामुळे.

मग त्यांनी मला नीट प्रश्न विचारले. काढली तर दम लागेल का? मी सांगितलं, श्वासाची चाचणी चांगली आहे. आधी गाठीसकट फुप्फुसाचा छोटा तुकडा काढतील. पेशंट टेबलावर असतानाच तो तुकडा तपासतात, त्याला फ्रोझन सेक्शन म्हणतात. टीबी निघाला तर तिथेच थांबतील. कॅन्सर निघाला तर उजव्या फुप्फुसाच्या तीन भागांपैकी वरचा भाग काढतील. जिना चढताना सुरुवातीला जाणवेल. ते म्हणाले, काढा. तीन महिने गाठीकडे बघत बसणं त्यांना जमणार नव्हतं. आणि एक अट घातली. जे निघेल ते आधी त्यांना सांगायचं, पोराला नंतर. मी हो म्हटलं.

हे मी सर्जनना सांगितल्यावर ते वैतागले. "ऑपरेशन झालं की नातेवाईक दारात उभे असतात. मी त्यांना काय सांगू? पेशंट शुद्धीवर नाही म्हणून थांबा?"

"हो, तेच सांगा."

ऑपरेशनच्या दिवशी मी थिएटरबाहेर नीलेशजवळ जाऊन बसले आणि त्याला अट सांगितली. तुकडा काढून थांबले तर ऑपरेशन लवकर संपेल, हे त्याला आधीच समजावलेलं होतं. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला. सकाळ गेली. दुपार झाली तरी दार उघडलं नाही. मी तोंडातून एक शब्द काढला नव्हता, पण त्याला कळलं होतं. तो उठून खिडकीशी गेला आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. दिलेला शब्द पाळला याचं समाधान मला त्या वेळी वाटलं नाही.

काका आयसीयूत नीट जागे झाल्यावर मी त्यांना सांगितलं. "कॅन्सर निघाला, काका. वरचा भाग काढला."

"सगला काढला?"

"दिसत होता तेवढा सगळा. आजूबाजूच्या लसिकाग्रंथी तपासायला पाठवल्यात, तिथे पसरला नाही ना ते कळेल."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. मग म्हणाले, "नीलेशला बलाव. मी सांगतं त्याला." मी पडद्याबाहेर थांबले. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. नीलेश बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि तो आईला फोन करायला गेला.

ग्रंथींमध्ये काही निघालं नाही. पहिला टप्पा. केमोची गरज पडली नाही. काका ठरलेल्या वेळी स्कॅनला येतात. जिन्यात एकदा थांबतात, म्हशी मात्र आता पुतण्या धुतो. नीलेशने नंतर एकदा विचारलं की, बायोप्सीतच पूर्ण कळलं असतं तर बरं झालं असतं ना. मी म्हटलं, हो.

एक बदल मी केला. अशी गाठ दिसली की पहिल्या तपासणीची चिठ्ठी लिहितानाच मी पेशंटला विचारते, रिपोर्ट आधी कुणाला सांगायचा? नातेवाइकांसमोर विचारते. बहुतेक पेशंट लगेच म्हणतात, मलाच. नातेवाईक मात्र एकमेकांकडे बघतात.