मोठं पातेलं, अर्धा लिटर दूध

मंडळी, जुन्या घरातली विटांची चूल नीट करून घेतली. तोंडाचं माप घ्यायला सलीम गवंडी म्हणाले, "काकू, रोजचं पातेलं आणा की."

मी आणलं.

"ह्ये तर चहाचं झालं! घरात माणसं किती हायत?"

'एकटीच' म्हणवेना. सणाला पुरण शिजायचं ते माळ्यावरचं पातेलं काढून दिलं.

आज चूल वाळली. शकुनाचं पहिलं दूध उतू घालायचं म्हणून अर्धा लिटर आणलं. लहान पातेलं चुलीच्या तोंडातच पडायला लागलं, मग मोठ्यात ओतलं. किती वेळ फुंकत बसले. दूध उकळलं, आटलं, पण काठापर्यंत काही आलं न्हाई.

उद्या गंगावेशीतनं चार लिटर आणते. उतू जाईलही. पण उरलेलं प्यायला कोण येतंय, सांगा की?